थंड खोलीतले अकरा टोमॅटो

तुमच्या बाबाची सिंगापूरमधल्या आमच्या बिशानच्या घरातली जुनी खोली दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत खोली नव्हती. त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर चार कुंड्या होत्या, कुंड्यांवर तारेने टांगलेला एक जांभळट दिवा होता, भिंतींना चंदेरी कागद चिकटवला होता आणि एसी चोवीस तास चालू होता. तुम्ही दोघींनी हे सगळं फोनवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलं आहे. काय झालं ते तुमचे आजोबा तुम्हाला सांगतीलच, पण त्यांच्या सांगण्यात त्यांची चूक कुठेही नसेल. म्हणून मी आधी लिहून ठेवते.

मी इंग्रजी शाळेत शिकले आणि नोकरीही इंग्रजीतच केली. तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण घरच्या माणसांची खिल्ली घरच्याच भाषेत नीट उडवता येते. थोरले, तुला एखादा शब्द अडला तर आईला विचार. बाबाला विचारू नकोस, तो मधली वाक्यं गाळून वाचून दाखवेल.

तुमचा बाबा इथे बारा वर्षं एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करत होता. मग त्याने फिनलंडमधली नोकरी घेतली, तेव्हा आजोबांनी वॉकिंग ग्रुपमध्ये पेढे वाटले. वर्षभरात त्याने ती नोकरी सोडली आणि तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या काचघरात भागीदारी घेतली. आपल्याकडचे शेतकरी प्लास्टिकचं पॉलीहाऊस उभारतात, तसंच हे काचेचं, फक्त चाळीस मजली इमारत आडवी झोपवावी एवढं लांब. बाहेर उणे अठरा आणि आत टोमॅटो. तेव्हा मात्र पेढे वाटले गेले नाहीत.

तुमचे आजोबा आयुष्यभर ऑडिटर होते. ते पुण्याहून इथे आले, आधी कामाचा पास, मग पर्मनंट रेसिडेन्सी, मग नागरिकत्व असं पायरी पायरीने वर चढले, आणि त्या जिन्याच्या टोकावर त्यांनी मुलाला बँकेत नेऊन बसवलं होतं. मुलगा तिथून उतरून चिखलात गेला असं त्यांना वाटलं. वास्तविक काचघरात चिखल नसतो, रोपं कसल्याशा दगडी लोकरीत वाढतात, पण हे ऐकून घ्यायला ते तयार नव्हते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की ते सांगायचे, "तो अ‍ॅग्रीटेकमध्ये आहे." एकदा तुमचा बाबा व्हिडिओ कॉलवर असतानाच त्यांनी शेजारच्या काकांना हे सांगितलं, आणि फोनमधून आवाज आला, "काका, मी टोमॅटो लावतो." त्यानंतर बापलेकांमध्ये जे संभाषण उरलं ते असं: कसा आहेस, बरा आहे, थंडी किती, उणे अमुक. पुढे फोन माझ्या हातात.

अडीच वर्षं हे असं चाललं. तेवढ्या काळात धाकटी जन्मली, बसायला लागली, चालायला लागली, आणि तिची अशी समजूत झाली की आजी हा फोनमध्ये राहणारा प्राणी आहे. मला तिला मांडीवर घ्यायचं होतं. एवढीच माझी गरज होती, आणि या सगळ्या प्रकरणात मी जे काही केलं ते तेवढ्यासाठीच केलं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मी एकटी का आले नाही, असं थोरलीने मागे एकदा रागावून विचारलं होतं. तुमच्या आजोबांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत आणि त्यांना गॅस पेटवता येत नाही. या दोन गोष्टी एका घरात ठेवून मला इथल्या इथे सेंगकांगलासुद्धा मुक्कामाला जाता येत नाही. तुम्ही चौघं येऊ शकत नव्हतात, कारण काचघराला सुट्टी नसते. राहता राहिलं आम्ही दोघांनी तिकडे येणं. दोन उन्हाळे मी विषय काढला आणि दोन्ही वेळा मला एकच उत्तर मिळालं: टोमॅटो बघायला एवढा विमानप्रवास कशाला, खाली मार्केटमध्ये ढिगाने पडलेत.

गेल्या दसऱ्याला फोन चालू होता. तुमचा बाबा काचघरात उभा होता आणि थोरलीला घेऊन आम्हाला एक रांग दाखवत होता. तारेवर चढवलेले वेल, खाली घोसच्या घोस, वर दिव्यांचा लख्ख उजेड. मी कौतुक करत होते. तेवढ्यात माझ्या मागून आजोबा म्हणाले की यात एवढं कौतुक कसलं, आमच्या लहानपणी हे उकिरड्यावर आपोआप उगवायचे.

"मग लावून दाखवा ना बाबा," तुमचा बाबा म्हणाला. "सिंगापूरमध्ये, घरात. दहा टोमॅटो."

"पाडव्यापर्यंत दहा पिकवून दाखवतो. पिकले तर तू हे सोडायचंस आणि परत नोकरी शोधायचीस."

"आणि नाही पिकले तर जूनमध्ये तुम्ही दोघं इकडे यायचं. महिनाभर."

"ठरलं," आजोबा म्हणाले. थोरली साक्षीला होती. मी तारीख कॅलेंडरवर निळ्या शाईने लिहिली.

तुमच्या बाबाला पैज जिंकल्यासारखीच वाटत होती, आणि मलाही. टोमॅटोला फळ धरायला रात्री गारवा लागतो. इथे रात्र आणि दिवस यांत फरक एवढाच की रात्री अंधार असतो. इथल्या कितीतरी घरांच्या कॉरिडॉरमध्ये टोमॅटोची हिरवीगार झाडं उभी असतात, त्यांना सुंदर पिवळी फुलं येतात आणि ती सगळी गळून जातात. पण आजोबांनी लायब्ररीतून तीन पुस्तकं आणली, शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि जाहीर केलं की मुलाच्या खोलीतला एसी वीसवर ठेवायचा. तिकडे पोरगा उजेड विकत घेऊन टोमॅटो पिकवत होता, इकडे बाप थंडी विकत घेऊन पिकवणार होता. ज्या देशात उन्हाला तोटा नाही तिथे खिडकीला जाड पडदा लावून आत दिवा लावायचा, कारण ऊन आत घेतलं की खोली तापते. दोघांनी आपापल्या देशाशी उभा दावा मांडला होता. हट्टीपणा वंशात उतरतो की नाही यावर संशोधन करायला कुणाला कुटुंब हवं असेल तर आमचं उपलब्ध आहे.

रोपं छान आली. डिसेंबरच्या सुरुवातीला फुलं दिसायला लागली. हा माणूस खरंच जिंकेल असं मला वाटायला लागलं. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आजोबा साडेनऊला झोपतात. मी घर आवरता आवरता त्या खोलीत जायची आणि एसीच्या रिमोटवरचा वीसचा आकडा अठ्ठावीस करायची. सकाळी त्यांच्या आधी उठून परत वीस. इथे इतकी वर्षं राहून मी लाल सिग्नलला रस्ता ओलांडलेला नाही, लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलेलं नाही. ती मी, पाय न वाजवता, रिमोट घेऊन उभी. लाज वाटली का, तर वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं का, तर केलं.

फुलं गळायला लागली. आजोबा सकाळी गळलेली फुलं उचलून एका बशीत ठेवायचे आणि मोजायचे. पानंही खालून पिवळी पडायला लागली. त्यात मात्र माझा हात नव्हता, ती सगळी त्यांची स्वतःची कर्तबगारी. मला ती दिसत होती, पण विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही हा नियम मी त्या काळापुरता फार काटेकोरपणे पाळला.

जानेवारीत एकदा दुपारी मी भाजी घेऊन घरी आले तर त्या खोलीतून बोलणं ऐकू येत होतं. आजोबा तुमच्या बाबाच्या जुन्या खुर्चीत बसले होते, फोन कुंडीला टेकवून ठेवला होता. दार अर्धवट उघडं होतं. मी पिशवीसकट बाहेरच थांबले.

त्यांनी स्वतःहून फोन लावला होता. अडीच वर्षांत पहिल्यांदा. आवाज मात्र हाताखालच्या माणसाकडून खुलासा मागवावा तसाच. फुलं गळताहेत, पानं पिवळी पडताहेत, कारण काय असावं, असं ते विचारत होते. तुमच्या बाबाने विचारलं की पाणी किती घालता.

"एक तांब्या. आंघोळ झाली की."

"रोज?"

"रोज म्हणजे काय, रोजच. एक दिवस चुकवलेला नाही."

मग तुमचा बाबा म्हणाला, "बाबा, ती तुळस नाहीये."

हे मला गेले दोन महिने दिसत होतं. स्नान करून, ओला पंचा खांद्यावर टाकून, ते तांब्या घेऊन चारही कुंड्यांपुढे उभे राहायचे आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत धार सोडायचे. त्या गार खोलीत पाणी आटणार कुठून? मुळं बिचारी बुडून मरत होती. तीन पुस्तकं वाचलेला माणूस, पण आंघोळीनंतर हातात तांब्या आला की हात त्यांच्या आईचा होतो.

मग तुमच्या बाबाने रात्रीचं तापमान विचारलं. आजोबांनी वीस सांगितलं. तो म्हणाला की हे विचित्र आहे, वीस असेल तर एवढी फुलं गळायला नकोत. माझ्या हातातली पिशवी एकदम जड झाली. त्याने मातीत बोट घालून बघायला सांगितलं, मुळं दाखवायला सांगितली, एक झाड वाचणार नाही म्हणाला आणि तीन वाचतील म्हणाला. आजोबा कागदावर लिहून घेत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन घड्याळ पाहिलं. फोन बंद झाला तेव्हा बेचाळीस मिनिटं झाली होती, आणि ती मी ऐकायला लागल्यापासूनची. त्याआधीच्या सबंध वर्षातलं त्यांचं बोलणं एकाला एक जोडलं असतं तरी बेचाळीस मिनिटं भरली नसती.

त्या दिवसापासून मी रिमोटला हात लावला नाही. झाडं मेली असती तर मला जूनमध्ये तुम्ही मिळाला असतात, पण हे फोन बंद झाले असते. म्हाताऱ्या बाईला एका वेळी एकच गोष्ट हवी असावी, दोन हव्या झाल्या की तिचे असे हाल होतात.

मग फोन रोजचे झाले. तुमच्या बाबाकडे फुलांना फळ धरवायला पुठ्ठ्याच्या खोक्यांतून भुंगे आणतात. बिशानच्या फ्लॅटमध्ये भुंगा आणायचा कुठून? तेव्हा त्याने सांगितलं की इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ फुलाच्या देठाला हलकेच टेकवायची, थरथरीने पराग झडतो. आजोबा दुपारच्या वेळी चष्मा लावून एकेका फुलाला टूथब्रश लावत बसायचे. टूथब्रश माझा होता, हे मला आठवड्याभराने कळलं. त्यांचा का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "अगं, माझा खराब झाला असता."

याच सुमारास एका संध्याकाळी दोन तरुण पोलीस अधिकारी दारात उभे राहिले, अतिशय नम्र, बूट बाहेर काढून. समोरच्या ब्लॉकमधल्या कुणीतरी कळवलं होतं की या घरात एका खोलीचा पडदा कायम बंद असतो आणि फटीतून जांभळा उजेड येतो. या देशात बंद खोलीत दिव्याखाली झाडं वाढवणाऱ्याबद्दल लोकांना काय शंका येते आणि ती खरी निघाली तर त्याचं काय होतं, हे तुम्ही मोठ्या झाल्यावर वाचा. मी देवासमोर दिवा लावत होते, तो तसाच टाकून बाहेर आले. आजोबा मात्र खुलले. कुणीतरी बाग बघायला आलंय एवढंच त्यांना समजलं. त्यांनी दोघांना आत नेलं, पान चुरगाळून हुंगायला दिलं, मुळांपासून पुस्तकांपर्यंत सगळं समजावलं. "अंकल, ओके लाह, टोमॅटो, वी सी," असं त्यातला एक तीनदा म्हणाला, पण सुटका नाही. दुसऱ्याने जाता जाता विचारलं की माझी आई कॉरिडॉरमध्ये लावते, तिला फळ का धरत नाही.

"नाइट टेंपरेचर," आजोबा म्हणाले. असं, जणू हे ज्ञान त्यांना जन्मतः होतं. "माय सन इज अ टोमॅटो ग्रोअर इन फिनलंड. ही टोल्ड मी."

अ‍ॅग्रीटेक हा शब्द त्या दिवशी आमच्या घरातून गेला. मी ते कॅलेंडरवर लिहिलं नाही, पण तारीख मला पाठ आहे.

भांडणं व्हायची, ती व्हायलाच हवी होती. सगळ्यात मोठं दिवेलागणीवरून झालं. तुमच्या बाबाला जेवणाची सुट्टी व्हायची तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असायचे. एकदा तो म्हणाला की फांद्यांच्या बेचक्यात कोवळे फुटवे आलेत, ते कॅमेऱ्यासमोर आत्ताच खुडून टाका. आजोबांनी साफ नकार दिला. दिवे लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपलेलं असतं, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. तुमचा बाबा म्हणाला की झाडावर जांभळा दिवा जळतोय, झोपेल कसं. आजोबा म्हणाले, ते मला माहीत नाही, सूर्य मावळला की मावळला. मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं.

"तुमच्याकडे हिवाळ्यात तीनला अंधार पडतो ना? मग तू तीननंतर काय करतोस?"

"तीननंतरच तर खरं काम असतं, बाबा."

आजोबांचा चेहरा असा झाला की मुलाने धर्म बदलल्याचं कळलं असतं तरी झाला नसता. मग त्यांनी विचारलं की ती झाडं झोपतात तरी कधी. तुमच्या बाबाने न हसता सांगितलं की रोज सहा तास आम्ही दिवे पूर्ण बंद करतो, नाहीतर पानं आजारी पडतात, त्यांना झोप लागतेच. आजोबांनी मान डोलावली, मग ठीक आहे म्हणाले. फुटवे त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी खुडले आणि फोटो पाठवला.

फेब्रुवारीत फळं दिसायला लागली. आधी वाटाण्याएवढी, मग लिंबाएवढी. मी रोज संध्याकाळी देवापुढे निरांजन लावलं की त्या खोलीत डोकावून मोजायची. पाच. आठ. मार्चच्या सुरुवातीला अकरा. अकरा म्हणजे आजोबा जिंकले, म्हणजे जून गेला, धाकटी फोनमध्येच राहिली, आणि तुमच्या बाबाला शब्दाप्रमाणे काचघर सोडायचं होतं. शब्द पाळण्याच्या बाबतीतही हा वंश आजारी आहे, तेव्हा त्याने सोडलंही असतं. मी त्याला एकटीने फोन करून विचारलं की तू त्यांना इतकं नीट का शिकवतोयस, एखादी गोष्ट चुकीची सांगायला काय झालं होतं. तो म्हणाला, "आई, ते विचारतात गं." एवढंच. आणि त्याला दिव्यांकडे बघायला जायचं होतं.

आजोबांनाही हा प्रश्न पडलेला होता, फक्त त्यांनी तो त्यांच्या पद्धतीने सोडवला होता. एकदा ते फिरायला गेले असताना मी टेबल पुसत होते, तेव्हा मला त्यांचा कागद दिसला. तुमच्या बाबाने दिलेला प्रत्येक सल्ला डाव्या बाजूला, तारीख घालून. उजव्या बाजूला पुस्तकाचं नाव आणि पान. पुढे हिरव्या पेनने बरोबरची खूण. म्हणजे हा गृहस्थ पोराकडून शिकत होता आणि पाठीमागे त्याचं ऑडिट करत होता, पोरगा आपल्याला हरवायला काही खोटं सांगतोय का ते बघायला. दोन पानं भरली होती. एकही लाल खूण नव्हती. तळाशी ऑडिटर करतात तशी सही होती.

पाडव्याच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. सूर्य मावळला, मी निरांजन लावलं, खोलीत जाऊन मोजले. अकरा. सगळे लाल, घट्ट, तकतकीत. हातात काही यावं म्हणून नाही, उगीचच मी एकाला बोट लावून पाहिलं. मग मंडळाच्या बायकांबरोबर पाडव्याची तयारी करायला टॅम्पिनीसला जायचं होतं तो बेत ऐनवेळी बारगळला, म्हणून खालच्याच मजल्यावरच्या मैत्रिणीकडे श्रीखंडाचा चक्का बांधायला गेले. तासाभराने वर आले तर लिफ्टमधून उतरल्या उतरल्या फोडणी जळल्याचा वास.

आमच्याच घरातून. आत आजोबा गॅससमोर उभे होते. गॅस पेटलेला होता. पातेल्यात लाल काहीतरी उकळत होतं आणि ओट्यावर मोहरी, जिरं, साखर, सगळे डबे उघडे, एकाचंही झाकण जागेवर नाही.

"अहो, हे काय?"

"सार," ते म्हणाले. "दोन गळून पडले. वाया कशाला घालवायचे."

मी त्या खोलीत गेले. नऊ होते. गळलेल्या टोमॅटोचा देठ सांध्यापाशी सुटतो, हे मीही एव्हाना ऐकून ऐकून शिकले होते. हे दोन देठ कात्रीने सरळ कापलेले होते. कात्री टेबलावर होती. मी मोजले तेव्हा दिवे लागून गेले होते आणि अकरा होते, म्हणजे कापले ते त्यानंतर. आईने लावलेला जो नियम त्यांनी मुलासमोर मोडला नाही, तो माझ्या पाठीमागे मोडला होता.

मी बाहेर आले, ताटं घेतली, भात वाढला. सार भयंकर होतं. गूळ नाही, मीठ दोनदा, जिरं कोळसा. दोघांनीही वाटी संपवली. आजोबा म्हणाले की जरा तिखट हवं होतं. मी म्हटलं, हो, जरा.

पाडव्याला फोनवर तुम्ही चौघंही होतात, नवे कपडे घालून, मागे खिडकीत बर्फ. आजोबांनी फोन कुंड्यांवरून फिरवला आणि थोरलीकडून मोठ्याने मोजून घेतलं. नऊ. ती आनंदाने उडी मारणार तेवढ्यात तुमचा बाबा म्हणाला की मागच्या आठवड्याच्या फोटोत अकरा होते.

"मोजण्यात चूक झाली असेल," आजोबा म्हणाले. "हरलो. जूनची तिकिटं बघतो."

चाळीस वर्षांत ज्या माणसाची बेरीज एकदाही चुकली नाही, तो हे म्हणाला. तुमच्या बाबाने पुन्हा मोजायला सांगितलं नाही. मग तो म्हणाला की बाबा, हे नऊ फार चांगले झालेत, आमच्याकडे पहिल्या प्रतीत गेले असते. आजोबा म्हणाले की तुझ्या दिव्यांच्या वेळा एकदा मला समक्ष तपासायच्या आहेत, सहा तासांची झोप कमी वाटते. इतकं बोलून फोन माझ्या हातात दिला आणि आत गेले. चष्मा पुसायला, असं आपण समजू या.

बॅगा भरून झाल्या आहेत. मी याद्या करून कपाटाच्या दाराला चिकटवल्या आहेत. आजोबांनी उन्हाळ्यासाठी गुडघ्यापर्यंतचा जाड कोट घेतला आहे आणि तो ते घरात घालून बघतात, त्याच खोलीत, एसी लावून. त्यांच्या बॅगेत ती दोन पानं आहेत आणि माझा टूथब्रश. मी नवा घेतला.

आम्ही आलो की तुम्ही दोघींनी एक करायचं. अकरा आणि नऊ हा विषय काढायचा नाही. रिमोटचं तर अजिबात नाही. धाकटीला आधीच सांगून ठेवा की आजी फोनपेक्षा बरीच मोठी आहे, म्हणजे ती घाबरायची नाही.

आणि थोरले, तुझ्या बाबाला एक सूचना दे, माझ्याकडून. मी नकाशात आणि पुस्तकात बघून खात्री केली आहे: तुमच्या गावात जूनमध्ये रात्रीही नीटसा अंधार पडत नाही. म्हणजे दिवेलागण नाही, आणि झाडाला हात लावायला तुमच्या आजोबांना चोवीस तास मोकळीक. त्याने झोप आत्ताच काढून घ्यावी.